मुंगी, सनी आणि बादली

मंडळी, आज थोडं भांडायचं आहे. भांडण मासे गरवणाऱ्यांशी आहे, म्हणजे बरंचसं माझ्याच समव्यसनी मंडळींशी आणि थोडंसं स्वतःशी. ज्यांना माशातलं ओ की ठो कळत नाही त्यांनीही वाचायला हरकत नाही, कारण मुद्दा अगदी साधा आहे. तळ्यातला दिसेल तो मोठा मासा उचलून बादलीत टाकणं ही मर्दुमकी नव्हे, तो अडाणीपणा आहे. आणि त्यातून बाहेर पडायचा मला सापडलेला सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे काळ्या दोऱ्याची एक मुंगी. हसू नका. शेवटपर्यंत वाचा आणि मग हसा :-)

आधी थोडी पार्श्वभूमी. मी राहतो त्या मिनेसोटाच्या गाड्यांच्या नंबरप्लेटवरच 'दहा हजार तळी' असं लिहिलेलं असतं. मिनिआपोलिस शहराच्या पोटातच नोकोमिस, हॅरिएट, सीडर अशी तळी आहेत, हापिसातून सुटल्यावर वीस मिनिटांत काठावर पोचता येतं. या तळ्यांत सगळ्यात सहज मिळणारा मासा म्हणजे सनफिश. इथले लोक लाडाने त्याला 'सनी' म्हणतात. सनी हे कुटुंबाचं नाव. त्यात निळसर गालाचा ब्लूगिल येतो, पोटाला नारिंगी रंग असलेला पंपकिनसीड येतो आणि त्यांचे आपापसातले संकरही येतात. आकार तळहाताएवढा, चपटा, आपल्या पापलेटाची आठवण व्हावी असा. तव्यात अख्खा मावतो म्हणून सनी, क्रॅपी, पर्च वगैरेंना मिळून 'पॅनफिश' म्हणतात. नावातच सगळं आलं. ज्याची ओळख तव्यावरून होते, त्याला तळ्यात कोण विचारतो?

इथला राजा आहे वॉलाय. तो राज्याचा अधिकृत मासा. मे महिन्यात त्याचा हंगाम उघडतो तेव्हा अर्धं राज्य बोटी ओढत उत्तरेकडे पळतं. दुसरे मानकरी ट्राउटवाले. त्यांच्या अंगात खिसेच खिसे असलेलं जाकीट असतं आणि बोलण्यात लॅटिन नावं असतात. सनी मात्र 'पोरांचा मासा'. सहा वर्षांच्या मुलाच्या हातात काठी द्यायची, गांडूळ लावायचं, सनी लागतोच, फोटो काढायचा, झालं. फ्लाय फिशिंगचं सामान विकणाऱ्या एका दुकानात मी पहिल्यांदा गेलो आणि ब्लूगिलसाठी काय घेऊ असं विचारलं, तेव्हा काउंटरपलीकडच्या गृहस्थांनी चेहरा असा केला की जणू मी फाइव्ह स्टार हाटेलात वडापाव मागितला. "त्याला काहीही चालतं," एवढंच उत्तर मिळालं.

हे 'त्याला काहीही चालतं' आणि 'ते काय, ढीगभर आहेत' या दोन वाक्यांशी माझं खरं भांडण आहे.

आता कबुलीजबाब. इथे आल्यानंतरच्या दुसऱ्या की तिसऱ्या उन्हाळ्यात, जूनच्या एका शनिवारी, मी आणि एक मित्र शहराबाहेरच्या एका लहान तळ्यावर गेलो होतो. गुडघाभर पाण्यात, वाळूवर, शेजारी शेजारी बश्या मांडून ठेवाव्यात तशी गोल घरटी दिसत होती. तीस-चाळीस तरी असतील. प्रत्येक बशीवर एकेक मोठा ब्लूगिल उभा. छाती तांब्यासारखी, कपाळ फुगलेलं, आठ-नऊ इंचांचा ऐवज. आम्हाला वाटलं लॉटरी लागली. गांडूळ टाकलं की झडप, टाकलं की झडप. राज्याची मर्यादा माणशी वीस सनींची. दोन तासांत आम्ही चाळीस पुरे केले. नियमाच्या एक इंचही बाहेर गेलो नाही. घरी येऊन रात्री अकरापर्यंत साफ करत बसलो, कमरेचा काटा ढिला झाला. निम्मे खाल्ले. उरलेले फ्रीझरमध्ये गेले आणि डिसेंबरात बर्फाच्या भुकटीत पांढरे पडलेले निघाले, ते कचऱ्यात गेले.

त्या उपसागराएवढ्या वाटणाऱ्या पण खरं तर दोन टेनिस कोर्टांएवढ्या कोपऱ्यात मी पुढची काही वर्षं जात राहिलो. मासे होते, नाही असं नाही. ढीगभर होते. पण सगळे पोरांच्या तळहाताएवढे. माझ्या एका दुपारीमुळेच हे झालं असा दावा मी करत नाही, कारण त्या धक्क्यावर आमच्यासारख्या बादल्या दर शनिवारी येत होत्या. पण त्या बादल्यांत एक माझी होती, आणि ते मी विसरलेलो नाही.

बशीवर उभा असलेला तो तांबूस छातीचा मासा म्हणजे बाप असतो. पाणी साधारण वीस अंश सेल्सियसच्या आसपास पोचलं, म्हणजे इथे मेच्या अखेरीपासून, ब्लूगिलचे नर उथळ पाण्यात वस्ती करून शेपटीने खड्डे करतात. मादी येते, अंडी घालते आणि निघून जाते. पुढचं सगळं नराकडे. तो कल्ल्यांजवळच्या परांनी अंड्यांवर पाणी हलवत राहतो, चोरांना हाकलतो, पिल्लं फुटून पोहू लागेपर्यंत जागा सोडत नाही. या दिवसांत तो गळाला लागतो तो भुकेने नव्हे, रागाने. घरट्यावर आलेलं गांडूळ त्याच्या लेखी घुसखोर असतं. आणि त्याला उचलून बादलीत टाकलं की शेजारपाजारचे छोटे सनी काही मिनिटांत ती बशी चाटूनपुसून साफ करतात. म्हणजे आपण एक मासा धरला असं समजतो, प्रत्यक्षात अख्खं घर बुडवलेलं असतं.

एवढ्यावर थांबलं असतं तरी परवडलं असतं. पण ब्लूगिलमध्ये नरांचे दोन प्रकार असतात. ऑन्टॅरिओतल्या ओपिनिकॉन तळ्यावर मार्ट ग्रॉस या शास्त्रज्ञाने १९८० च्या सुमारास यावर केलेलं काम प्रसिद्ध आहे. एक प्रकार वरचा, कष्टाळू बाप. त्या तळ्यात तो साधारण सात वर्षांचा झाल्यावर घरटं बांधतो. दुसरा प्रकार चोरटा. तो दोन-तीन वर्षांचा असतानाच वयात येतो, घरटं वगैरे भानगड करत नाही, ऐन वेळी बशीत घुसून आपलं काम उरकून पळतो. थोडा मोठा झाला की मादीसारखं रूप आणि चाल घेऊन आत शिरतो. पिल्लं सांभाळायची वेळ आली की दोघेही गायब.

यात आपल्या बादलीचा संबंध कुठे येतो? वस्तीत दणकट, मोठे नर असले की लहान नरांना तिथे डाळ शिजणार नाही हे कळतं. मग ते वयात यायची घाई करत नाहीत, खातात आणि वाढतात. मोठे नर काढून टाकले की ही आडकाठी जाते. लहान नर लवकर वयात येतात, सगळी ताकद प्रजननात घालतात आणि त्यांची वाढ तिथेच खुंटते. मिनेसोटाचं डीएनआर, म्हणजे नैसर्गिक संसाधन खातं, हेच कारण देऊन लोकांना मोठे सनी सोडायला सांगतं. आमच्या धंद्यातलं उदाहरण देतो. मंदी आली म्हणून टीममधले सगळे अनुभवी लोक एका शुक्रवारी घरी पाठवा. सोमवारी दोन वर्षं अनुभवाची मुलं आर्किटेक्ट होतात. पदं सगळी भरलेली असतात, डोकी मोजली तर तेवढीच भरतात. फक्त काम शिकलेला माणूस एकही उरलेला नसतो आणि पुन्हा तयारही होत नाही. तळ्याचं असंच होतं. संख्या कमी होत नाही, म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही.

आता सरकारी न्याय बघा. वॉलायचा हंगाम फेब्रुवारीच्या अखेरीपासून मेच्या मध्यापर्यंत बंद. का? तर त्याचा प्रजननाचा काळ. खरं तर वॉलाय अंडी टाकून निघून जातो, पिल्लांची राखण करत नाही. सनी बिचारा दिवसेंदिवस पहारा देतो आणि त्याचा हंगाम बारा महिने चालू. वॉलायला बाळंतपणाची रजा आहे, सनीला नाही. २०२१ पासून डीएनआरने निवडक तळ्यांवर सनीची मर्यादा वीसवरून दहा किंवा पाचवर आणली, हे उत्तम झालं, आणि ज्यांनी त्याच्या बाजूने बैठकांमध्ये बोलायचं धाडस केलं त्यांना माझा दंडवत. पण दहा हजार तळ्यांच्या राज्यात निवडक म्हणजे निवडकच. बाकी ठिकाणी काय सोडायचं आणि काय ठेवायचं हे आपल्याच अकलेवर आहे. आणि पाचाची मर्यादासुद्धा पाच सगळ्यात मोठे बाप उचलायला मना करत नाही.

आता मुंगीकडे येतो. फ्लाय म्हणजे माशी नव्हे. गळावर दोरा, पिसं, केस गुंडाळून केलेला खोटा किडा म्हणजे फ्लाय. मी बरीच वर्षं गांडूळवालाच होतो. गांडुळाची अडचण अशी की सनी ते गिळतो. त्याचं तोंड लहान, गळ गिळला की थेट घशापलीकडे. असा मासा सोडला तरी जगायची शक्यता बरीच कमी. म्हणजे 'मोठे सोडून देईन' असं मनाशी ठरवूनही गांडूळवाल्याच्या हातात ते पुरतं नसतंच. मुंगी मासा तोंडात ओढून घेतो, चव चुकीची लागली की थुंकायला बघतो, आणि तेवढ्यात आपण दोरी ताणलेली असते. गळ ओठात बसतो. गळाचा उलटा काटा आधीच पकडीने दाबून टाकलेला असला की पाण्यातच बोटाने काढता येतो. मासा गेला आपल्या घरी.

गांडुळाविरुद्ध दुसराही मुद्दा आहे, तो ऐकून मीही चाट पडलो होतो. मिनेसोटात मुळात गांडुळं नव्हतीच. हिमयुगात हा सगळा भाग बर्फाखाली होता. आजची गांडुळं बाहेरून आलेली, बरीचशी युरोपातून, आणि उत्तरेकडच्या जंगलात जमिनीवरचा पालापाचोळ्याचा थर ती खाऊन संपवतात. त्या थरात वाढणारी रानफुलं आणि झाडांची रोपं मग उघडी पडतात. आपल्याकडे गांडूळ शेतकऱ्याचा मित्र, पाठ्यपुस्तकात तसं लिहिलेलंच आहे. इथल्या जंगलात तो शत्रू. आणि संध्याकाळी उरलेली डबीभर गांडुळं 'बिचारी जगू देत' म्हणून झाडीत ओतून देणारे भूतदयावाले मी स्वतः पाहिले आहेत. उरलेली गांडुळं कचऱ्याच्या डब्यात टाका असं डीएनआर सांगतं, ते उगाच नाही. मुंगी उरली तर ती टोपीला टोचून घरी येते.

करायची कशी? दहा मिनिटांचं काम आहे. बारा नंबरचा गळ घ्या. यात नंबर वाढला की गळ लहान होतो, हे लक्षात ठेवा. सनीच्या तोंडाला बारा नंबर बरोबर बसतो. चौदा घेतला तर तळहाताएवढी पोरंच जास्त लागतात. काटा दाबून टाका. गळ व्हाइसमध्ये, म्हणजे छोट्या शिकंज्यात पकडा. काळा दोरा गुंडाळत मागच्या बाजूला एक गोळा करा, मोहरीपेक्षा मोठा, मसुरापेक्षा लहान. मग थोडी जागा मोकळी सोडून पुढे दुसरा गोळा, मोहरीएवढा. दोन्हींवर नेलपॉलिश किंवा लाखेचा हात फिरवा आणि वाळू द्या. मधल्या मोकळ्या जागेत कोंबड्याच्या मानेचं काळं पीस बांधून फक्त दोन वेढे द्या, ते झाले पाय. गाठ मारा, दोरा कापा. संपलं.

सगळं मर्म त्या मधल्या मोकळ्या जागेत आहे. ती मुंगीची कंबर. नवशिके तिथेच चुकतात. गोळे भरताना कंबर भरून जाते आणि मुंगीऐवजी भुंगा तयार होतो. खऱ्या मुंगीला डोकं, धड, पोट असे तीन भाग असतात, आपण दोनच करतो, माशाची त्याला हरकत नसते. पण कंबर नसली तर तो वर येऊन, नाकाजवळ थांबून, बघून परत जातो. पायांनाही तेच. दोनऐवजी सहा वेढे दिले की बाटली घासायचा ब्रश होतो.

ही दोऱ्याची मुंगी हळूहळू बुडते. तरंगणारी हवी असेल तर मुलांच्या हस्तकलेच्या दुकानात मिळणारा दोन मिलिमीटर जाडीचा काळा फोम घ्या, बारीक पट्टी कापून कमरेशी आवळा, दोन गोळे आपोआप तयार होतात. पाठीवर नारिंगी फोमचा ठिपका बांधा. तो माशासाठी नाही, चाळिशी ओलांडलेल्या आपल्या डोळ्यांसाठी आहे. शिशाचं वजन लावायची गरज दोन्हीला नाही. इथला राज्यपक्षी लून, आणि पाण्यात हरवलेली शिशाची वजनं गिळून लून मरतात, त्यामुळे हाही एक फायदाच.

आता ट्राउटवाल्यांना दोन शब्द. मुंगी हा काही मी काढलेला शोध नाही. पेनसिल्व्हेनियात कार्लाइलजवळ लेटॉर्ट नावाचा झऱ्यांचा ओढा आहे. तिथे व्हिन्सेंट मॅरिनारो आणि चार्ल्स फॉक्स या दोघांनी जमिनीवरून पाण्यात पडणाऱ्या किड्यांच्या नकला करण्यात उमेद घालवली. मॅरिनारोचं 'अ मॉडर्न ड्राय-फ्लाय कोड' हे १९५० चं पुस्तक तुमच्या कपाटात आहे. त्याआधी सतराव्या शतकात आयझॅक वॉल्टनने रोच माशासाठी पंखवाली मुंगी सांगितली होती. रोच म्हणजे इंग्लंडातला साधासुधा, गरिबांचा मासा. म्हणजे मुंगी आधी सामान्य माशाकडे गेली, ट्राउटची कौतुकं नंतरची. तेव्हा सनीला मुंगी दाखवणाऱ्याकडे बघून नाक मुरडू नका. आणि 'त्याला काहीही चालतं' हे खरं आहे, पण ते पाच इंची सनीबद्दल खरं आहे. नऊ इंचाचा ब्लूगिल जुलैच्या संध्याकाळी गाठून दाखवा.

कारण घरट्यांचा काळ संपला की मोठे नर उथळ पाणी सोडतात. मग ते सापडतात पाणवनस्पतींच्या बाहेरच्या कडेला, कमळासारख्या पानांच्या मोकळ्या फटीत, नाहीतर पाण्यावर झुकलेल्या झाडाच्या सावलीत. त्या फांद्यांवरून उन्हाळाभर मुंग्या टपकत असतात, आणि उन्हाळ्याच्या शेवटी एखाद्या दमट दुपारी पंखवाल्या मुंग्यांचे थवे निघतात तेव्हा तर पाण्यावर पाऊस पडावा तशी वर्तुळं उठतात. मुंगी अलगद टाका. आणि मग काहीही करू नका. आपल्या लोकांना हेच जमत नाही. पडलेल्या जागेवरची वर्तुळं पूर्ण विरेपर्यंत थांबा. मोठा ब्लूगिल खालून येतो, वीतभर अंतरावर उभा राहतो, विचार करतो. आता दोरी एवढीशी हलवा, मुंगी पाय झाडेल इतपत. मग 'पुच्च' असा आवाज येतो, मुलाने पापी घ्यावी तसा. पाण्याखालच्या मुंगीला तोही नाही, नुसती दोरी सरकते. काठी उचला. हा चपटा मासा अंग आडवं करून गोल गोल फिरतो आणि हलकी काठी असली तर मनगट भरून येतं. काठीसुद्धा भारी लागत नाही. तीन-चार नंबरची हलकी फ्लाय काठी आणि तरंगणारी दोरी पुरते. तेवढीही नसेल तर लांब वेळूच्या टोकाला दोरी बांधून मी हे केलेलं आहे.

आता आक्षेप. पहिला नेहमीचा: "अरे, सनी संपणार आहेत का कधी? जपानात विचार." खरं आहे. १९६० साली तेव्हाचे युवराज अकिहितो अमेरिकेत आले असता शिकागोच्या महापौरांनी त्यांना ब्लूगिल भेट दिले. ते जपानात गेले, पुढे पसरले, बिवा तळ्यात मूळच्या माशांना डोईजड झाले. २००७ मध्ये सम्राट असताना अकिहितोंनी त्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. पण यातून काय सिद्ध होतं? ब्लूगिल चिवट आहे, संख्येने वाढतो, हेच ना? ते मी कुठे नाकारतोय? माझं म्हणणं संख्येबद्दल नाहीच. अलाबामातल्या केटोना तळ्यात १९५० मध्ये धरलेला विक्रमी ब्लूगिल ४ पौंड १२ औंसांचा होता. हा मासा काय होऊ शकतो आणि आपण त्याचं काय करून ठेवतो, यातल्या अंतराबद्दल मी बोलतोय. इथल्या थंड पाण्यात आठ इंची ब्लूगिल व्हायला सात-आठ वर्षं सहज लागतात. दोन घासांसाठी.

दुसरा आक्षेप: "म्हणजे मासे खाऊच नयेत का?" अहो, मी कोकणातला माणूस, मला हे विचारता? खा की. भरपूर खा. सहा-सात इंची सनी ठेवा, आठच्या वरचा सोडा. लहान सनी तळ्यात गर्दी करून असतात, ते काढल्याने तळ्याचं नुकसान तर नाहीच, झाला तर फायदाच होतो. खवले काढा, दोन्ही बाजूंना चिरा द्या, हळद-तिखट-मीठ आणि आगळ लावून अर्धा तास ठेवा, रव्यात घोळवून तव्यावर टाका. सहा इंची सनी कुरकुरीत होतो, नऊ इंची होत नाही. चवीच्या बाबतीतही मोठ्याला मारण्यात अर्थ नाही.

तिसरा आक्षेप आमच्या धक्क्यावरच्या देशी मित्रांचा: "लायसन्सचे पैसे भरलेत, वीस म्हणजे वीस." या हिशेबाला माझ्याकडे उत्तर नाही. बुफेत पैसे भरलेत म्हणून चौथी प्लेट घेणाऱ्याला कुणी काय सांगावं? फक्त तुमच्या फ्रीझरमध्ये मागच्या वर्षीचं काय आहे ते एकदा बघा, एवढंच म्हणेन. मी बघितलं होतं.

हे अमेरिकन लोकांचं खूळ आहे असंही समजू नका. आमच्या गावी पहिला मोठा पाऊस झाला की नदीतले मासे ओढ्यांतून, शेतांतून वर चढतात, ते चढणीचे मासे. अंड्यांनी भरलेले असतात, अंडी घालायलाच तर निघालेले असतात. त्या रात्री कंदील, कोयते, जाळ्या घेऊन सगळा गाव ओढ्यावर. लहानपणी मीही नाचलोय, आणि त्या रात्रीसारखी मजा पुन्हा आली नाही हेही खरं. समुद्रात महाराष्ट्र सरकार १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद ठेवतं, कारण तो प्रजननाचा काळ. मग त्याच जूनमध्ये ओढ्यातल्या माशाला काय वेगळा नियम? तिथे समजत नव्हतं. इथे सात समुद्रापलीकडे येऊन, एका बशीवरच्या माशाने शिकवलं, तेव्हा समजलं.

तर माझे नियम सांगतो. जूनमध्ये घरटी दिसली की तिकडे मुंगीसुद्धा टाकायची नाही. मासा सोडून देणार असलो तरी नाही, कारण बाप दोन मिनिटं दूर झाला तरी चोर टपलेलेच असतात. काठावर बसून नुसतं बघायचं. जुलैपासून मुंगी. आठ इंचांच्या वर सगळे परत. घरी न्यायचे ते त्या रात्री खाण्यापुरते. काठीच्या मुठीवर मी नेलपॉलिशने आठ इंचांची खूण करून ठेवली आहे, म्हणजे मोह झाला की वाद घालायला जागा राहत नाही.

मागच्या जूनमध्ये त्या जुन्या कोपऱ्यावर पुन्हा गेलो होतो. बश्या होत्या, बारा-तेरा. त्यातल्या एकीवर तांबूस छातीचा, चांगला आठ इंची गडी उभा होता. शेजारी धक्क्यावर एक बाप-लेक बसले होते, मुलगी सात-आठ वर्षांची, हातात काठी, पायाशी गांडुळांची डबी, मागे बादली. तिला तो दिसला होता. मी तिच्या वडिलांना विचारून तिला ती बशी दाखवली, आणि तो तिथे का उभा आहे ते सांगितलं. तिने ऐकून घेतलं, आणि मग बापाकडे बघून म्हणाली की आपण दुसरीकडे बसू. वडिलांना ते फारसं आवडलं नसावं. पण बादली उचलून दोघे पलीकडच्या टोकाला गेले. जाताना मी तिला टोपीवरची एक मुंगी काढून दिली.

असो. फार भांडलो. व्हाइसमध्ये एक अर्धवट मुंगी वाट बघते आहे, तिची कंबर अजून व्हायची आहे.